तंबाखू आणि टाके

(गणेशोत्सव व्याख्यानमालेत महिला शाखेच्या विनंतीवरून झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



कार्यक्रमपत्रिकेत आजचा विषय छापून आला तेव्हा थोडी कुजबुज झाली, असं आमच्या कानावर आलं. काल ज्या मंचावर अथर्वशीर्षाची आवर्तनं झाली, तिथे आज स्तनांच्या सौंदर्यशस्त्रक्रियेची आणि सिगारेटची चर्चा? महिला शाखेने विषय बदलला नाही, याबद्दल आम्ही त्यांचे आभारी आहोत. आमच्या दोघांपैकी एक जण टाके घालतो, एक जण भूल देते. दोघांनाही रोज दिसतं ते असं की या शस्त्रक्रिया आता आपल्याच घरांतून होतात, आपल्याच मुली-सुना करून घेतात, आणि त्याबद्दल बोलणं मात्र कुणीच करत नाही. न बोलण्याची किंमत टाक्यांना मोजावी लागते.

आधी एक गैरसमज बाजूला करू. 'सौंदर्य' शब्द आला की लोकांना नखरे वाटतात. आमच्याकडे येणाऱ्या बायकांपैकी कितीतरी जणी स्तनांचा भार कमी करून घ्यायला येतात. मानेचं आणि खांद्याचं दुखणं, पट्ट्यांनी खांद्यावर पडलेले खोल वळ, पावसाळ्यात स्तनांखालच्या घडीत चिघळणारं पुरळ. कुणाला बाळंतपणांनंतरचा ओघळ सावरून घ्यायचा असतो, कुणाला सिलिकॉन बसवून आकार वाढवायचा असतो. कर्करोगात स्तन काढावा लागलेल्या बायकांसाठी नवा स्तन घडवणं हीही याच विद्येची शाखा. कुणाचं कारण मोठं आणि कुणाचं छोटं, हे ठरवायला आपण बसलेलो नाही. जखम भरण्याचा नियम सगळ्यांना एकच आहे.

तो नियम समजून घ्यायला पुण्याला जाऊ. १७९४ साली लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये एका शस्त्रक्रियेचं वर्णन चित्रासह छापून आलं. कावसजी नावाचा मराठा गाडीवान इंग्रजांच्या फौजेबरोबर होता. तो टिपूच्या हाती सापडला आणि त्याचं नाक व एक हात छाटला गेला. वर्षभराने पुण्याजवळ वीट घडवणाऱ्या जातीतल्या एका कारागिराने त्याच्या कपाळाची कातडी खाली वळवून त्याला नवं नाक करून दिलं. हे वाचून युरोपातले सर्जन चकित झाले, आणि पुढे १८१४ मध्ये लंडनच्या कार्पू या सर्जनने तीच पद्धत वापरली. पण आम्हाला त्या वर्णनातली सर्वांत मोलाची वाटते ती एक बारीक गोष्ट. कारागिराने कपाळाची कातडी पूर्ण सोडवली नाही. दोन भुवयांच्या मध्ये तिचा एक देठ ठेवला आणि तो साधारण पंचविसाव्या दिवशी कापला. का? तोवर त्या कातडीला रक्त मिळत होतं ते त्या देठातूनच.

स्तन लहान करताना आम्हीही तेच करतो. जास्तीचा भाग काढतो, पण स्तनाग्र आणि भोवतीचं गडद वर्तुळ एका देठावर जिवंत ठेवून वर सरकवतो. बाहेरचा छेद बहुतेक वेळा जहाजाच्या नांगरासारखा असतो. वर्तुळाभोवती एक, तिथून खाली उतरणारा एक आणि घडीतून आडवा जाणारा एक. खालचे दोन छेद जिथे भेटतात तिथे कातडीच्या तीन कडा एकत्र येतात. रक्ताच्या दृष्टीने ती कालव्याच्या शेवटच्या टोकाची शेतं. वरच्या शेतकऱ्याने पाणी अडवलं की आधी सुकतात ती हीच. ऑपरेशननंतर उकलतो तो बहुतेक वेळा हाच सांधा, आणि काळं पडण्याची भीती असते ती स्तनाग्राला.

आता या कालव्यावर सिगारेट काय करते ते बघा. निकोटीन कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आवळतं, म्हणजे पाणी कमी. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो, म्हणजे जे पाणी पोचतं तेही निकस. आणि धुरात हायड्रोजन सायनाइड असतं, ते पेशीला मिळालेला प्राणवायूही वापरू देत नाही. शिवाय जखम जोडणारा कोलॅजनचा धागा धूम्रपान करणाऱ्यांत कमी तयार होतो आणि जंतूंशी लढणाऱ्या पेशी सुस्तावतात. कोविडात आपण सगळ्यांनी घरी आणलेला तो बोटाचा चिमटा इथे आपल्याला फसवतो. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन त्याला प्राणवायूवालंच वाटतं. चिमटा म्हणतो अठ्ठ्याण्णव, आणि कातडी उपाशी.

भूल देणाऱ्या बाजूचंही एक सांगायला हवं. सिगारेट ओढणाऱ्याच्या श्वासनलिका चिडक्या असतात, कफ जास्त असतो. भुलीतून बाहेर येताना खोकल्याची उबळ आली की ताज्या टाक्यांआड रक्तस्राव होऊन गाठ साचू शकते. छातीवर ऑपरेशन झालेल्या बाईला खोकताना काय होत असेल, याची कल्पना करा.

एका मुलीबद्दल सांगतो. नाव-गाव सांगणार नाही, ओळख पटेल असं काहीच सांगणार नाही. तिचं ऑपरेशन दुसऱ्या शहरात झालं होतं आणि ती माहेरी विश्रांतीला आली होती. नांगराच्या त्याच सांध्यावर जखम उघडली होती, एका बाजूच्या वर्तुळाची कड काळी पडली होती. आई सोबत. सिगारेटचं विचारलं तर मुलीच्या आधी आईच म्हणाली, "आमच्याकडे असलं काही नसतं हो डॉक्टर." मुलगी छताकडे बघत राहिली. ड्रेसिंगच्या निमित्ताने आईला बाहेर बसवलं, तेव्हा कळलं. रोज सहा-सात, नोकरी लागल्यापासून. माहेरी आल्यावर गच्चीत, आई देवपूजेला बसली की. ऑपरेशनच्या आधीही विचारलं होतं, आणि तेव्हाही आई शेजारीच होती. म्हणून 'नाही' लिहिलं गेलं. त्या दिवसापासून तिने सोडली. जखम भरायला अडीच महिने गेले. स्तनाग्र वाचलं, वर्तुळाचा एक कोपरा पांढुरका राहिला. आईला आम्ही काही सांगितलं नाही. तो अधिकार तिचा होता.

आजच्या भाषणातली आमची मुख्य विनंती त्या खोलीतून आली आहे. डॉक्टर "तंबाखू, सिगारेट?" असं विचारतील तेव्हा सासूबाईंनी, आईने, नवऱ्याने उठून दोन मिनिटं बाहेर जावं. कुणी सांगायची वाट बघू नये. आणि बाईला एकटीने बोलायचं असेल तर तसं नर्सला आधीच सांगता येतं. आपण चार-पाच पिढ्या इंदुरात राहिलो, पोहे-जिलबी आपली झाली, पण 'आपल्यात हे चालत नाही' हे वाक्य आपण जसंच्या तसं सांभाळून ठेवलंय. घराची अब्रू म्हणून ते ठीक असेल. केसपेपरवर ते वाक्य फार महाग पडतं.

आणि 'आपल्यात' खरंच नाही का? २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीत धूम्रपान करणाऱ्या प्रौढ स्त्रिया सुमारे २ टक्के निघाल्या, पण बिनधुराचा तंबाखू वापरणाऱ्या जवळजवळ १३ टक्के. सिगारेटला नाकं मुरडणाऱ्या आपल्या घरांत मशेरीचा डबा कुणाच्या फडताळात होता, ते आठवून बघा. तव्यावर भाजलेला तंबाखू, बोटाने दातांना, सकाळी उठल्याउठल्या. "त्याशिवाय पोट साफ होत नाही." मशेरीत धूर नाही, म्हणजे कार्बन मोनॉक्साइड नाही, हे खरं. पण निकोटीन हिरड्यांतून रक्तात जातंच, आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका आहे तो वेगळाच. म्हणून मशेरी, तपकीर, पानातला तंबाखू हे सगळं ऑपरेशनच्या आधी सांगायचं. मशेरीला 'मंजन' म्हणू नका. (आपल्या मध्य प्रदेशाने २०१२ मध्ये गुटखाबंदी केली. गुमटीवाल्यांनी मसाल्याची पुडी वेगळी आणि तंबाखूची वेगळी केली, गिऱ्हाईक घरी नेऊन एक करतो. कायद्याला हसावं की रडावं, ते तुम्हीच ठरवा.)

सोडायची तर किती आधी? कोपनहेगनमध्ये झालेला एक प्रयोग २००३ साली प्रसिद्ध झाला. धूम्रपान करणारे ४८ आणि कधीच न केलेले ३० निरोगी लोक स्वतःहून पुढे आले. त्यांच्या पाठीच्या खालच्या बाजूला छोटे छेद घेऊन टाके घातले. धूम्रपान चालू ठेवलेल्यांच्या १२ टक्के जखमांत जंतुसंसर्ग झाला, कधीच न केलेल्यांच्या २ टक्के जखमांत. आणि ज्यांनी चार आठवडे सोडली होती, त्यांच्यात संसर्ग लक्षणीय कमी झाला. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२० मध्ये चार आठवड्यांचाच सल्ला दिला. आम्ही चार ते सहा आठवडे आधी आणि तितकेच नंतर, असं सांगतो. नंतरचे आठवडे लोक विसरतात. टाके काढले म्हणजे जखम भरली असं नसतं, आतलं विणकाम चालूच असतं. आणि सिलिकॉन बसवलेल्या बाईची जखम उघडली तर पुष्कळदा ते काढूनच टाकावं लागतं.

सोडणं सोपं नाही, हे आम्हाला माहीत आहे. १८००-११-२३५६ हा सरकारी मोफत क्रमांक आहे, तिथे तंबाखू सोडायला मदत मिळते. लिहून घ्या, घरातल्या पुरुषांसाठीही. बायको ऑपरेशनहून घरी आली आहे आणि नवरा त्याच खोलीत खिडकीत उभा राहून ओढतो आहे, असं चालणार नाही. तो धूर तिच्याही रक्तात जातो.

बराच वेळ झाला. महिला शाखेने नाव न लिहिता चिठ्ठ्या गोळा केल्या आहेत, त्यातल्या तीन घेतो.

पहिली: "ऑपरेशनच्या अगदी आधी सोडली तर उलट त्रास होतो, असं ऐकलंय." हे जुनं मत आहे, नंतरच्या अभ्यासांत ते टिकलं नाही. चार आठवडे नसतील तर चार दिवस. चार दिवस नसतील तर आदल्या दिवसापासून, कारण कार्बन मोनॉक्साइड साधारण एका दिवसात बराचसा निघून जातो.

दुसरी: "निकोटीनची पट्टी किंवा च्युइंगम चालेल का?" कोपनहेगनच्या त्याच प्रयोगात सोडणाऱ्यांपैकी काहींना खरी पट्टी लावली होती, काहींना खोटी. दोघांच्या जखमांत फरक दिसला नाही. सिगारेटपेक्षा पट्टी कितीतरी बरी. पण देठावरच्या शस्त्रक्रियेत पुष्कळ सर्जन तेवढंही निकोटीन नको म्हणतात. काही जण आधी लघवीत कोटिनीन तपासतात, आणि पट्टीनेही ती तपासणी सकारात्मक येते. म्हणून पट्टी लावत असाल तर आधी सांगा.

तिसरी चिठ्ठी पेन्सिलीने लिहिलेली आहे. "ऑपरेशन झालं आहे. कालपासून एका बाजूला कातडी जांभळी दिसते. मी दोनदा ओढली. कुणाला सांगू?"

ज्यांनी लिहिली त्यांनी आज रात्रीच आपल्या सर्जनला फोन करावा, सकाळची वाट बघू नये. जांभळेपणा सुरुवातीला दिसला तर पट्टा सैल करणं, साचलेलं रक्त काढणं, एखादा टाका मोकळा करणं असं बरंच काही करता येतं. काळं पडल्यावर त्यातलं पुष्कळसं हातातून जातं. दोनदा ओढली हेही त्यांना सांगा. ते रागावणार नाहीत, आणि रागावले तरी कातडी वाचेल. सर्जन भेटत नसतील तर आम्ही दोघे आरती संपेपर्यंत इथेच, प्रसादाच्या टेबलाजवळ आहोत. नाव विचारणार नाही.