दक्षिण गंगोत्री आणि अदिती पंत

त्र्यंबकेश्वरी कुशावर्तात स्नान करून ब्रह्मगिरीच्या पायऱ्या चढणाऱ्या यात्रेकरूला गोदावरीचा उगम आवर्जून दाखविला जातो. परंतु याच डोंगरांच्या दुसऱ्या अंगाने वैतरणा निघते, ती थोडक्या वाटेने अरबी समुद्र गाठते, आणि गोदावरी मात्र १४६५ किलोमीटरांचा मुलूख ओलांडून बंगालच्या उपसागरास मिळते, ही गोष्ट फारच थोड्यांच्या ध्यानी येते. नद्यांनी वाहून नेलेले क्षार पुढे समुद्रात कोणाचे पोषण करतात, हा प्रश्न आपण सहसा विचारीत नाही. तो ज्या शास्त्राचा विषय आहे, त्या सागरविज्ञानालाच डॉ. अदिती पंत यांनी आपले आयुष्य वाहिले.

१९४३ साली नागपुरात जन्मलेल्या अदितीबाई औंध संस्थानच्या पंतप्रतिनिधी घराण्यातील. त्यांचे वडील अप्पासाहेब पंत हे स्वतंत्र भारताचे नामवंत राजदूत. पुणे विद्यापीठातील शिक्षणाच्या काळात सर ॲलिस्टर हार्डी यांचा ‘द ओपन सी’ हा ग्रंथ त्यांच्या वाचनात आला आणि समुद्रानेच त्यांचे मन व्यापिले. हवाई विद्यापीठात सागरविज्ञान शिकून, लंडनच्या वेस्टफील्ड कॉलेजात सागरी शैवालांच्या जीवनक्रियेवर प्रबंध सादर करून त्या मायदेशी परतल्या आणि गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत रुजू झाल्या.

डिसेंबर १९८३ मध्ये डॉ. हर्ष गुप्ता यांच्या नेतृत्वाखाली तिसरी भारतीय मोहीम ‘फिनपोलारिस’ जहाजातून गोव्याहून अंटार्क्टिकाकडे निघाली, तिच्यात अदितीबाई होत्या, आणि जादवपूर विद्यापीठाच्या भूवैज्ञानिक डॉ. सुदीप्ता सेनगुप्ता होत्या. भारतीय मोहिमेतून त्या खंडावर गेलेल्या पहिल्या स्त्रिया या दोघीच. सेनगुप्ताबाईंचे क्षेत्र खडकांचे, अदितीबाईंचे पाण्याचे. त्याच मोहिमेत हिमस्तरावर भारताचे पहिले ठाणे उभे राहिले, त्याला दक्षिण गंगोत्री असे नाव मिळाले. गोदावरीला दक्षिणगंगा म्हणून वंदन करणाऱ्या त्र्यंबकच्या माणसाला ते नाव परके वाटावयाचे नाही.

माझ्या मते ‘पहिली’ या बिरुदाने अदितीबाईंच्या खऱ्या कार्यावर काहीसे सावट पडले आहे. उन्हाळ्यात सूर्य न मावळणाऱ्या त्या दक्षिण सागरात, वितळत्या बर्फाच्या कडेला, डोळ्यांस न दिसणारी एकपेशीय शैवाले प्रकाश व क्षार यांच्या बळावर विलक्षण वेगाने वाढतात; त्यांवर क्रिल नावाचा कोळंबीसारखा जीव जगतो, आणि क्रिलवर पेंग्विन, सील व प्रचंड देवमासे. तेव्हा त्या समुद्राचा सारा संसार ज्यावर चालतो, त्या तळच्या कारभाराचा हिशेब घेणे, म्हणजे निरनिराळ्या खोलीवरचे पाणी वर काढणे, ते गाळणे, त्यातील हरितद्रव्य मोजणे, प्रकाश किती खोल जातो याची नोंद ठेवणे, हे या शास्त्राचे काम. थंडीने बोटे बधिर होत असता डगमगत्या जहाजावर ते नेटाने करावे लागते, आणि वृत्तपत्रांत त्याला क्वचितच जागा मिळते. अदितीबाई पुढे पाचव्या मोहिमेतही गेल्या, आणि सरकारने त्यांना अंटार्क्टिका पुरस्काराने गौरविले.

दक्षिण गंगोत्री हळूहळू बर्फाखाली दडपली गेली आणि तिची जागा शिर्माकर टेकड्यांवरच्या ‘मैत्री’ या नव्या ठाण्याने घेतली. अदितीबाई पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत आल्या, आणि खाऱ्या पाण्यात तगून राहणाऱ्या सूक्ष्मजीवांच्या विकरांवर संशोधन करू लागल्या.