अमेरिकन डायमंडची निगा



लग्नसराईत दुकानात ‘एडी’चा सेट मागितला की समोर येतो तो खडा म्हणजे क्युबिक झिरकोनिया. आपल्या बाजारात तो अमेरिकन डायमंड म्हणून विकला जातो. तो मोठ्या प्रमाणावर घडवण्याची रीत मात्र १९७०च्या दशकात मॉस्कोच्या लेबेदेव भौतिकी संस्थेत विकसित झाली.

हिरा म्हणजे निव्वळ कार्बन. या खड्यात कार्बन नाही. तो झिरकोनियम धातूचा ऑक्साइड. तो वितळायला सुमारे २,७०० अंश सेल्सिअस तापमान लागते. एवढी आच सोसणारी मूस आणायची कुठून? म्हणून आत पाणी खेळवून थंड ठेवलेल्या तांब्याच्या नळ्यांचे कडे करतात, त्यात भुकटी भरतात आणि ती रेडिओलहरींनी तापवतात. मधली भुकटी वितळते, नळ्यांलगतचा थर घट्टच राहतो आणि तोच मुशीचे काम करतो. भुकटीत थोडा यट्रियमचा किंवा कॅल्शियमचा ऑक्साइड मिसळलेला असतो; त्यामुळे निवताना स्फटिकाची रचना बिघडत नाही.

हा खडा त्याच आकाराच्या हिऱ्याच्या दीडपटीहून अधिक जड भरतो. त्यातून रंगीत छटा जास्त फाकतात. हिरा उष्णता झटकन वाहून नेतो, हा नेत नाही. सराफाकडचे साधे तपासणीयंत्र हाच फरक पकडते.

आता निगा. कठीणपणाच्या मोह्स मोजपट्टीवर हिरा १०, माणिक आणि नीलम ९, तर हा ८ ते ८.५. म्हणजे त्यांच्यासोबत एका डबीत ठेवला तर याच्यावर ओरखडे उठतात आणि मोत्यांसोबत ठेवला तर मोत्यांवर. डबी वेगळीच हवी.

खडा मंद दिसू लागला की लोक म्हणतात, तो उतरला. बहुतेकदा खड्याच्या पाठीला तेल, क्रीम, साबणाचा थर बसलेला असतो आणि आत शिरलेला प्रकाश परतून वर येत नाही. कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ ब्रश एवढ्याने काम होते. टूथपेस्ट नको, मुलामा घासला जातो. खडे डिंकाने चिकटवलेले असतील किंवा कोंदण मागून बंद असेल, तर दागिना पाण्यात बुडवू नका. ओलसर कापडाने पुसा. अत्तर, स्प्रे आधी, दागिने शेवटी.

आणि घेताना पावतीवर ‘क्युबिक झिरकोनिया’ असे स्पष्ट लिहून घ्या, हिऱ्याची किंमत मोजू नका.