डेडस्टॉकमधलं स्टूल



प्राध्यापक परिषदेच्या या अधिवेशनाच्या अध्यक्षपदासाठी माझी निवड केलीत, आभारी आहे. माझ्यापेक्षा लायक माणसं समोर बसली आहेत, असं म्हणायची पद्धत आहे, म्हणून टाकतो. आता परंपरेप्रमाणे मी वर्षभराचा आढावा घ्यायला हवा. तो छापील प्रतीत आहे. नवं शैक्षणिक धोरण आलं, मेजर-मायनर म्हणजे मुख्य-दुय्यम विषय आले, ओई, व्हीएससी, आयकेएस अशी आद्याक्षरं आली, हे तुम्हांला माहीत आहे, कारण त्याच्या एक्सेल शीट तुम्हीच भरल्या आहेत. मला आज एका स्टुलाबद्दल बोलायचं आहे. सतरा वर्षं थांबलोय.

मी रसायनशास्त्राचा माणूस. आमच्या स्टाफरूममध्ये एक लांबलचक टेबल, भोवती खुर्च्या. प्रत्येक खुर्चीवर एक प्राध्यापक किंवा त्याची पिशवी. विद्यार्थी दारात ‘मे आय कम इन सर’ म्हणतो, आत येतो आणि उभा राहतो. आजूबाजूला सात-आठ जण पेपर तपासत, डबा खात त्याचं बोलणं ऐकत असतात. उभा माणूस एका मिनिटात आटपेल तेवढंच बोलतो. ‘सर, सही.’ ‘सर, जर्नल कधी?’ आपण विचारतो, ‘काही अडचण?’ तो म्हणतो, ‘नाही सर.’ झालं मार्गदर्शन.

या व्यवहाराला आधी गुरु-पालक योजना म्हणायचे, आता मेंटॉर-मेंटी म्हणतात. नॅकची मूल्यांकन समिती यायची असली की तीन सत्रांच्या नोंदी एका दुपारी होतात. ‘विद्यार्थी नियमित आहे. अडचण नाही.’ मीही लिहिल्या आहेत. मध्येमध्ये पेन बदलावं, म्हणजे शाई वेगळी दिसते, हे शहाणपण मला एका ज्येष्ठ सहकाऱ्यानं शिकवलं. ते आज सभागृहात आहेत आणि हसताहेत.

अशाच एका वर्षी एफवायचा एक मुलगा माझ्यासमोर उभा राहिला. म्हणाला, विषय बदलायचाय. मी विचारलं, का? म्हणाला, असंच सर. मला राग आला. ‘असंच’ म्हणून विषय बदलतात का? विचार करून ये, म्हणालो. तो आला नाही. दिवाळीनंतर हजेरीत त्याच्या नावापुढे रेघ सुरू झाली. दोन वर्षांनी एमआयडीसीच्या नाक्यावर कंपनीच्या बसची वाट बघत उभा होता, त्यानंच ओळख दिली. तेव्हा त्याची रात्रपाळी सकाळी सातला सुटायची आणि माझ्या विषयाचा पहिला तास सात वीसचा होता. दुसऱ्या विषयाचे तास अकरानंतर होते. एवढंच कारण होतं. मी म्हटलं, अरे, मग सांगायचंस. तो म्हणाला, ‘सर, तिथं सगळे होते ना.’

त्याच्या मेंटॉर डायरीत माझ्या अक्षरात काय लिहिलं होतं, ते मी आत्ताच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मी प्रयोगशाळेतलं एक लाकडी स्टूल उचललं, स्टाफरूमच्या खिडकीकडच्या कोपऱ्यात नेलं आणि माझी खुर्ची त्याच्याकडे वळवून ठेवली. खर्च शून्य. पहिले काही दिवस कोणी बसेना. मुलं स्टुलाकडे बघायची, माझ्याकडे बघायची आणि उभीच राहायची. मग बसायला लागली. बसलेला मुलगा पहिली पाच मिनिटं केटीबद्दल बोलतो, पुढची पाच मिनिटं गप्प असतो आणि मग ज्यासाठी आलेला असतो ते बोलतो. बत्तीस वर्षांच्या नोकरीत मला सापडलेला हा एकमेव नियम, आणि त्यावर मला कोणी पीएच.डी. दिली नाही.

अडीच वर्षं स्टूल टिकलं. मग डेडस्टॉकची, म्हणजे कॉलेजच्या टिकाऊ सामानाची, तपासणी आली. रसायनशास्त्राच्या रजिस्टरमध्ये स्टुलं चोवीस, प्रत्यक्षात तेवीस. चोविसावं स्टाफरूममध्ये सापडलं. मला लेखी खुलासा मागवला. विद्यार्थ्यांना बसण्यासाठी, असं मी लिहिलं. त्यावर शेरा आला: ‘स्टाफरूम ही विद्यार्थ्यांनी बसण्याची जागा नाही.’ शिपाई स्टूल घेऊन गेला. नंतर मी एका खुर्चीसाठी अर्ज केला. दर जूनला करत होतो. निवृत्तीच्या दिवशी मला शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं.

तुम्ही म्हणाल, म्हातारा जुनी उणीदुणी काढतोय. काढतोयच. पण यूजीसीचे २०१८ चे विनियम उघडून पाहा. शिक्षकानं विद्यार्थ्यांच्या मार्गदर्शनासाठी रोज वेळ द्यावा आणि त्यासाठी लागणारी जागा-सुविधा संस्थेनं पुरवावी, असं त्यात आहे. पहिला भाग आमच्या वेळापत्रकात आला, दुसरा कुठे गेला?

आणि आता तर निवडीचा पूर आहे. तीन वर्षांची पदवी की चार वर्षांची, मायनर कोणता, क्रेडिटं ॲकॅडमिक बँकेत सात वर्षं टिकतात म्हणून मध्येच बाहेर पडावं का, सगळं अठराव्या वर्षी ठरवायचं. हार्वर्डमध्ये चार्ल्स एलियट १८६९ साली अध्यक्ष झाले आणि त्यांनी मुलांना विषय निवडायची मोकळीक वाढवत नेली. १८८९ मध्ये पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी सल्लागारांचं मंडळ नेमावं लागलं. त्यांना वीस वर्षं लागली. आपण मोकळीक आणि मेंटॉर दोन्ही कागदावर आणले. बसायचं कुठे, ते राहिलं.

सकाळच्या सत्रात वाद झाला की विषयनिवडीचा सल्ला ॲप देईल की माणूस. गेल्या वर्षी माझ्या शेजारची मुलगी ॲपचं उत्तर घेऊन घरी आली. तीन मायनर सुचवले होते, तिन्ही नियमात बसणारे. त्यांतल्या एका विषयाला तिच्या कॉलेजात पूर्णवेळ माणूस नाही. तासिका तत्त्वावरचे सर जानेवारीत राहतील की नाही, हे त्या सरांनाही माहीत नाही. हे ॲपला कोण सांगणार? वाद माझ्यापुरता मिटला. समुपदेशक हवा की प्राध्यापक, या दुसऱ्या वादातही मला फारसं तथ्य दिसत नाही. मूल आतून खचलं असेल तर समुपदेशकच हवा, तिथे आपण लुडबूड करू नये. पण विषयाची निवड ही ज्यानं तो विषय शिकवलाय, त्याच्याशी बोलायची गोष्ट आहे.

स्वयंसेवक मुलांनो, हे तुमच्यासाठी. सल्ला मागायला फॉर्मच्या शेवटच्या तारखेला येऊ नका. त्या दिवशी आम्ही फक्त सह्या करतो. सत्र सुरू झाल्यावर दोन-तीन आठवड्यांत या, तेव्हा विषय बदलायला वाव असतो. गुणपत्रिका घेऊन या, नापासाची आधी दाखवा. डिजिलॉकरमध्ये क्रेडिटं जमा झालीत का, ते येण्याआधीच बघा. ‘सर, काय घेऊ?’ असं विचारलंत तर सर आपला विषय सांगतील, मीही सांगायचो. ‘हे घेतलं तर पुढे कोणतं दार बंद होईल?’ असं विचारा. चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स करायचं तर पहिल्या सहा सत्रांत पंच्याहत्तर टक्के लागतात. हे सहाव्या सत्रात कळून काय करणार? एकाच सरांवर विसंबू नका; त्यांना विचारा, अजून कोणाशी बोलू? आणि का विचारताय ते सांगा. रात्रपाळी असेल तर रात्रपाळी म्हणा. सगळ्यांसमोर सांगवत नसेल तर म्हणा, सर, बाहेर कॉरिडॉरमध्ये येता का? नव्वद टक्के सर येतील. दहा टक्क्यांना चहा प्यायचा असतो, त्यांच्याबरोबर कॅन्टीनला जा.

परिषदेनं यापुढे काय करावं, तेही अध्यक्षानं सांगायचं असतं. एक समिती नेमावी, तिनं कॉलेजांकडून माहिती मागवावी, पुढच्या अधिवेशनात अहवाल ठेवावा वगैरे. तपशील कार्यकारिणी ठरवेल. माझी मागणी एका ओळीची आहे आणि ती ठरावात घालावी: प्रत्येक मेंटॉरच्या टेबलासमोर एक खुर्ची, आणि तिची नोंद डेडस्टॉकमध्ये ‘विद्यार्थ्यासाठी’ अशी.

संयोजक घड्याळाकडे बघताहेत, थांबतो. फक्त एक. मागे भिंतीला टेकून ही आठ-दहा मुलं सकाळपासून उभी आहेत. पुढच्या दोन रांगांवर ‘निमंत्रित’ अशी पाटी आहे, निमंत्रित अजून आलेले नाहीत. या रे, इथे येऊन बसा. पिशव्या उचला हो सर.