ऑनलाइन खरेदी : सावधपणा आणि मोकळेपणा



भिलाईला 'सुरक्षा' हा शब्द नवा नाही. 1959 साली पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी सुरू झाली, तेव्हापासून येथील घराघरांत तो बोलला जातो. यंत्राची वीज तोडल्याची खात्री झाल्याशिवाय आणि लेखी परवाना हाती आल्याशिवाय दुरुस्तीला हात लावायचा नाही, हा कारखान्यातला शिरस्ता. तो तीस-पस्तीस वर्षे कसोशीने पाळणारा माणूस निवृत्तीनंतर फोनवरच्या अनोळखी आवाजाच्या सांगण्यावरून एकामागून एक बटणे दाबत जातो, याचे नवल वाटते. पण त्याला कारण आहे. कारखान्यातल्या धोक्याची धग अंगाला लागते; येथे समोरचा माणूस 'काका, काका' म्हणत मदतीलाच आलेला असतो.

व्यवस्थेने आपल्या बाजूने बरेच केले आहे. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार 1 ऑगस्ट 2009 पासून ऑनलाइन खरेदीत कार्डावरील आकड्यांखेरीज आणखी एक खातरजमा बंधनकारक झाली. 1 ऑक्टोबर 2022 पासून विक्रेत्यांना ग्राहकाच्या कार्डाचा मूळ क्रमांक साठवून ठेवता येत नाही. परिणामी कुलूप फोडणे अवघड झाले आणि भामटे किल्ली बाळगणाऱ्याकडे वळले.

त्यांची रीत साधी असते. दिवाळीसाठी मागवलेला कुकर सदोष निघाला म्हणून गृहिणी इंटरनेटवर कंपनीचा ग्राहक-सेवा क्रमांक शोधते. तेथे भामट्याने पेरून ठेवलेला क्रमांक सापडतो. 'पैसे परत मिळतील, एवढे ॲप घ्या,' असे सांगितले जाते आणि त्या ॲपमुळे तिच्या मोबाइलचा पडदा परक्याला दिसू लागतो. किंवा जुना सोफा विकायला काढला, तर गिऱ्हाईक क्यूआर कोड पाठवून 'हा स्कॅन करा, पैसे जमा होतील' म्हणतो. यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी लागतो, घेण्यासाठी कधीही लागत नाही. एवढे एक वाक्य घरात सर्वांना पाठ असले तरी पुष्कळ अनर्थ टळेल.

'ओटीपी कुणालाही सांगू नका' हा उपदेश मात्र अपुरा पडू लागला आहे. पार्सल घेऊन दारात उभा असलेला मुलगाही ओटीपीच मागतो, आणि तो प्रामाणिक असतो. वस्तू हाती पडल्याची ती पोच असते. पैसे काढण्याचा अंकही त्याच नावाने येतो. म्हणून नुसते अंक वाचून उपयोग नाही. तो कशासाठी आहे हे संदेशातच लिहिलेले असते, ते चष्मा लावून वाचावे. दारातला मुलगा तेवढा वेळ थांबतो. फोनवरचा भामटा थांबू देत नाही, आणि त्याची ओळख पटते ती तेथेच.

एवढे करूनही चूक होतेच. खरी हानी पुष्कळदा त्यानंतर होते, ती मौनामुळे. मुले पुण्या-बंगळुरूला, 'तरी सांगत होतो' हे ऐकावे लागेल म्हणून वडील गप्प राहतात, आई तर त्यांनाही सांगत नाही. त्या अवधीत रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात जाते. 1930 या राष्ट्रीय मदत क्रमांकाची योजना हीच साखळी तोडण्यासाठी आहे. तक्रार वेळेत नोंदली गेली, तर पुढच्या बँकेला कळवून शिल्लक रक्कम रोखता येते. उशीर झाला, तर रोखायला काही उरत नाही.

रिझर्व्ह बँकेचे 6 जुलै 2017 चे परिपत्रक या बाबतीत फारसे कुणी वाचलेले नसते. ग्राहकाचा आणि बँकेचाही दोष नसताना पैसे गेले आणि तीन कामकाजी दिवसांत कळवले, तर ग्राहकावर भार पडत नाही. ग्राहकाने स्वतःच गुप्त अंक सांगितला असेल, तर कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे. परंतु कळवल्यानंतर होणारे नुकसान बँकेचे. म्हणजे चूक आपली असली तरी बोलून दाखवण्याला कायद्याने मोल दिले आहे. घरात ते मिळते का, हा प्रश्न परगावी असलेल्या मुलामुलींनी स्वतःला विचारावा. रागावायचे असल्यास तक्रार नोंदवून झाल्यावर खुशाल रागवावे.

पुण्याची कॉसमॉस बँक 1906 सालची. ऑगस्ट 2018 मध्ये चोरांनी तिच्या संगणक यंत्रणेत शिरकाव केला. बनावट कार्डांनी 28 देशांतील एटीएममधून पैसे काढले गेले, दोन दिवसांनी हाँगकाँगच्या एका खात्यात रक्कम वळवली गेली. एकूण सुमारे 94 कोटी रुपये गेले. शंभरी ओलांडलेल्या, नावलौकिकावर चालणाऱ्या संस्थेला हे जाहीर करणे किती जड गेले असेल! तरीही बँकेने तत्काळ पोलिसांत फिर्याद दिली. हाँगकाँगला गेलेल्या रकमेचा काही भाग परत मिळाला, आणि एप्रिल 2023 मध्ये पुण्याच्या न्यायालयाने अकरा जणांना दोषी ठरवले.