इंग्रजीचा तास आणि मुलांचे खेळ



महाराष्ट्रातील मराठी माध्यमाच्या शाळांत इंग्रजी हा विषय पूर्वी इयत्ता पाचवीपासून सुरू होत असे. सन २००० पासून तो पहिलीपासून शिकविला जाऊ लागला. दहा वर्षांच्या मुलाला शिकवावयाचे तेच सहा वर्षांच्या मुलाला शिकवावे, असा याचा अर्थ नव्हे. सहा वर्षांच्या मुलाला व्याकरणाचा नियम सांगून उपयोग नसतो. त्याला मराठी लिहिता-वाचता येणेही अजून व्हावयाचे असते. शेतमजुराच्या किंवा यंत्रमाग कामगाराच्या घरी इंग्रजी सहसा कानी पडत नाही. तेथील मुलाला ही भाषा भेटते ती शाळेच्या त्या एका तासात. तो तास फळ्यावरचे शब्द एका सुरात म्हणण्यात गेला, तर त्याच्या पदरात भाषा पडत नाही, केवळ घोष पडतो.

खेळातून शिक्षण ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या आणि पुढे हे काम कोसबाडला बहरले. महागड्या साधनांवाचून, परिसरातील वस्तू घेऊन बालवाडी चालते, हे त्यांनी दाखवून दिले. इंग्रजीच्या तासालाही हाच मार्ग मोकळा आहे. मात्र एक कसोटी लावली पाहिजे. इंग्रजी न ऐकता व न बोलता जो खेळ जिंकता येतो, तो मैदानावर शोभेल; इंग्रजीच्या तासाला त्याचा उपयोग नाही.

‘शिवाजी म्हणतो’ हा खेळ घरोघरी माहीत आहे. त्यातील आज्ञा ‘स्टँड अप’, ‘टच युवर नोज’ अशा इंग्रजीत दिल्या की तो भाषेचा खेळ होतो. जेम्स ॲशर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात आज्ञापालनातून भाषा शिकविण्याची जी पद्धती मांडली, तिचेही मर्म हेच की मूल आधी ऐकते, समजते, शरीराने उत्तर देते. बोलणे मागाहून येते. परंतु चाळीस मुलांच्या वर्गात निम्मी मुले शेजाऱ्याकडे पाहून नाकाला हात लावतात. यावर उपाय सोपा आहे. शिक्षकाने तोंडाने ‘नोज’ म्हणावे आणि आपला हात कानाला लावावा. मग मुलांना कानांवाचून गत्यंतर राहत नाही.

दुसरा खेळ पिशवीचा. पिशवीत खडा, पेन, चिंच असे काही लपवावे. ‘इज इट अ स्टोन?’ ‘नो, इट इजन्ट.’ मराठीत ‘का’ हा शब्द वाक्याच्या शेवटी जोडला की प्रश्न होतो. इंग्रजीत ‘इज’ पुढे आणावा लागतो. हा फरक समजावून सांगण्यात तास जातो आणि मुलांना तो समजत नाही तो नाहीच. वस्तू ओळखण्याच्या हव्यासापोटी मात्र मूल तीच रचना दहा वेळा आपणहून बोलते. शिक्षकाने ओळीने विचारले तर एका मुलाच्या वाट्याला तासात एखादेच वाक्य येते. जोड्या पाडल्या की एकाच वेळी वीस मुखे बोलू लागतात.

वाक्यरचनेसाठी तिसरी-चौथीच्या तीन मुलांना शब्दांच्या पाट्या धरून उभे करावे. ‘मी’, ‘आंबा’, ‘खातो’. नंतर त्यांच्या हाती ‘आय’, ‘मँगोज’, ‘ईट’ या पाट्या त्याच क्रमाने द्याव्या आणि वाक्य लावण्यास वर्गाला सांगावे. शेवटचा मुलगा चालत मध्ये येऊन उभा राहतो. क्रियापदाने जागा बदलली, हे वर्ग डोळ्यांनी पाहतो. खेळाचे नियम खुशाल मराठीत सांगावेत. त्यात कमीपणा मुळीच नाही.

चुकेल तो बाद, हा नियम मात्र टाकून द्यावा. ज्याला सरावाची सर्वांत अधिक गरज, तोच मुलगा पहिल्या दोन मिनिटांत भिंतीला टेकून बसतो. जी मुले मुळातच या भाषेला बिचकतात, त्यांना खेळाच्या नावाखाली पुन्हा गप्प बसविणे हा अन्यायच होय. बाद करण्याऐवजी चुकणाऱ्याला पुढची आज्ञा देण्याचा मान द्यावा. खेळ चालू असताना प्रत्येक चूक थांबवून दुरुस्त करणेही नको. चुका मनात टिपून ठेवाव्यात आणि दुसऱ्या दिवशीचा खेळ त्यांवर बेतावा.

गोंगाटाची तक्रार शेजारच्या वर्गाकडून यावयाचीच, आणि ती काही अगदीच खोटी नसते. आज्ञांचा खेळ पडवीत किंवा झाडाखाली न्यावा. पावसाळ्यात पडवी ओली असते. तेव्हा बाकावर बसून हलक्या आवाजात खेळता येणारी ती पिशवी हाताशी असलेली बरी.