निघणार कुठून?

(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचे शब्दांकन)



या व्यासपीठावर आजवर संतसाहित्य झाले, नाट्यसंगीत झाले, गेल्या वर्षी मधुमेहही झाला. यंदा चिटणीस मला म्हणाले, "तुम्ही कॉम्प्युटरवर साचे बनवता ना, त्यावर बोला." मी म्हटले, लोक उठून जातील. ते म्हणाले, आरती नंतर आहे आणि प्रसादही नंतरच आहे, कोणी उठत नाही. तेव्हा तुमच्या नाइलाजाचा फायदा घेऊन बोलतो.

साचा म्हणजे काय हे या सभागृहातल्या भगिनींना मी सांगायला नको. नैवेद्याच्या पानावर भाताची मूद वाढताना आपण वाटीत भात दाबतो आणि वाटी उपडी करतो. मूद अलगद सुटते. का सुटते? वाटीचे तोंड तळापेक्षा रुंद असते म्हणून. तोच भात तांब्यात दाबून भरा आणि तांब्या उपडा करा, चमच्याने उकरूनच काढावा लागेल. तांब्याचा गळा आत वळलेला असतो. आमच्या धंद्यात वाटीच्या त्या पसरटपणाला टेपर म्हणतात आणि तांब्याच्या गळ्याला अंडरकट.

वाटी हा उघडा साचा. त्याची एकच बाजू आकार देते. मुदीचा वाटीला लागलेला भाग गुळगुळीत येतो, दुसरी बाजू आपण चमच्याने थापतो तशी राहते. मोदकाचा साचा मिटणारा, त्याला पाकळ्या असतात. आणि बाप्पांची मूर्ती तर सोंड, कान, हात अशा अंडरकटांनी भरलेली, म्हणून मूर्तिकार साचा तुकड्यांत करतात किंवा हल्ली रबराचा करतात, जो सोलून काढता येतो. मी ज्या फायबरच्या वस्तू करतो त्यांचा साचा मात्र कडक आणि उघडा असतो. त्यावर आधी मेण घासायचे, मग जेलकोटचा थर, मग काचतंतूची मॅट आणि रेझिन, थरावर थर, हाताने आणि रोलरने. रेझिन घट्ट झाले की वस्तू उचलायची.

आता एक खरे काम सांगतो. २००४ साल. बडोद्याच्या आसपास रासायनिक कारखाने किती आहेत ते तुम्ही जाणताच. त्यांत गरम झालेले पाणी थंड करण्यासाठी कूलिंग टॉवर असतात, वर मोठा पंखा आणि पंख्याभोवती फायबरचे उंच कडे. हे कडे सरळ नळकांड्यासारखे नसते. ते डमरूसारखे असते, खाली रुंद, पंख्यापाशी निमुळते, वर परत रुंद. आमचा पंखा १२ फुटी होता, म्हणजे ३.६६ मीटर, आणि कड्याच्या गळ्याचा व्यास ३.७० मीटर. म्हणजे पात्याचे टोक आणि भिंत यांच्यात २० मिलिमीटरची फट. फट वाढली तर हवा तिथून मागे फिरते आणि पंखा वीज खातो. फट मिटली तर पाते भिंतीला लागते, मग काय होते ते मी सणाच्या दिवशी सांगत नाही.

एवढे कडे अखंड करता येत नाही, म्हणून त्याचे उभे आठ तुकडे करायचे, कलिंगडाच्या फोडींसारखे. प्रत्येक तुकडा ४५ अंशांचा, १.८ मीटर उंच. चारही बाजूंना ७५ मिलिमीटरची बाहेर वळलेली कड, बोल्ट लावण्यासाठी. आठही तुकडे एकाच साच्यातून काढायचे.

मी ड्रॉइंग बोर्डवर शिकलेला माणूस. कॅड सॉफ्टवेअर तेव्हा मला नवे होते आणि नव्या जावयासारखे त्याचे फार कौतुक होते. काम सुरू केले. डमरूची बाजूची वक्ररेषा काढली, ती अक्षाभोवती ४५ अंश फिरवली, पृष्ठभाग तयार. वक्र जिथे एकमेकांना जुळतात तिथे सांधा जाणवू नये म्हणून पडद्यावर झेब्र्यासारखे पट्टे पाडून पाहतात. पट्टा सांध्यापाशी तुटला की तिथे वळण मोडले आहे असे समजायचे. यात माझे दोन दिवस गेले आणि ते गेल्याचे दुःख नाही, कारण आतल्या बाजूने हवा वाहणार होती. गुळगुळीत बाजू आतली हवी, म्हणजे साच्याला लागणारी बाजू आतली. तेव्हा साचा वाटीसारखा खोलगट नाही, तर घोड्याच्या खोगिरासारखा, एका दिशेने फुगीर आणि दुसऱ्या दिशेने खोलगट. तुकडा त्यावर पालथा घडणार आणि सरळ वर उचलला जाणार.

बारीकसारीक गोष्टी पुष्कळ असतात. कोपरे धारदार ठेवायचे नाहीत, काचेची मॅट धारेवर वळत नाही आणि खाली हवा राहते. रेझिन घट्ट होताना आकसते, त्यामुळे काटकोनात वळवलेली कड साच्यातून सुटल्यावर अंशभर आत मिटते. म्हणून साच्यात ती ९१ अंशांची काढायची, नाहीतर आठ तुकडे जोडताना फटी दिसतात. आणि साच्याच्या लाकडी फासळ्या कापताना वरच्या कातडीची जाडी आधी वजा करायची. आमची कातडी १८ मिलिमीटर होती. ही वजाबाकी विसरणारे इंजिनियर मी पाहिले आहेत. मी विसरलो नव्हतो. माझी चूक वेगळी होती.

वर उचलण्याची दिशा सॉफ्टवेअरला बाणाने दाखवली की ते पृष्ठभाग रंगवून देते. सुटणारा भाग हिरवा, अडणारा लाल, भिंत अगदी उभी असेल तर पिवळा. बाजूच्या दोन्ही कडांच्या भिंती हिरव्या आल्या. त्या केंद्राकडून बाहेर जातात, म्हणून आपसूकच साडेबावीस अंश उघडलेल्या होत्या. वरच्या आणि खालच्या कडेच्या भिंती पिवळ्या आल्या. उभ्या भिंतीला निदान अंशभर टेपर हवा, पण त्या कडा सपाट बसायला हव्या होत्या. चालेल, म्हटले, मेण जास्त लावू.

मग गिऱ्हाइकाचा फोन आला. वरच्या कडेवर पावसाचे पाणी साचते, तिला बाहेरच्या बाजूला ५ अंशांचा उतार द्या. मागणी रास्त होती. मी मॉडेल उघडले, ५ लिहिले, एंटर दाबले. रंग परत तपासले नाहीत. कड बाहेर उतरती झाली म्हणजे साच्यातली तिची भिंत आत झुकली. ७५ मिलिमीटर उंचीला ५ अंश म्हणजे साडेसहा मिलिमीटर. वाटीचा तांब्या झाला.

साचा बांधायला आमच्याकडे एक वयस्क मिस्त्रीकाका होते. फासळ्या उभ्या करून झाल्या तेव्हा त्यांनी त्या भिंतीला गुण्या लावला, माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "साहेब, आ नीकळशे क्यांथी?" चार मुले आजूबाजूला होती. मी म्हटले, काका, हे कॉम्प्युटरने काढले आहे, आणि फायबर लवचीक असते. ते काही बोलले नाहीत. भिंत दाखवल्याप्रमाणे बांधली, आणि फार सुरेख बांधली.

पहिला तुकडा निघाला नाही. फायबर लवचीक असते हे खरे, पण कमानीत वळलेली ७५ मिलिमीटरची कड लवत नाही. लाकडी पाचरी मारल्या, कडेने हवा सोडली, पाणी सोडले. दुसऱ्या दिवशी जेलकोटला तडे गेले आणि शेवटी करवतीने वरची भिंत कापून तुकडा काढावा लागला. तो तुकडा गेला, साच्याचा पृष्ठभाग गेला आणि तीन आठवडे गेले.

पण मला खरे तर हे सांगायचे नव्हते. कारखान्यात चर्चा सुरू झाली की मिस्त्रीने भिंत वाकडी बांधली. गुण्या लावून पाहिले तर ती वाकडीच होती ना! त्यांची मजुरी कापायचे बोलणे झाले. आणि मी दीड दिवस गप्प बसलो. मॉडेलमधले ५ फक्त मलाच ठाऊक होते. घरी जेवताना आईने ताटात मूद वाढली, वाटी उचलली, आणि माझ्या घशाखाली घास उतरेना. हे मी पहिल्यांदाच चारचौघांत बोलतो आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन सांगितले. ते रागावले. मजुरी कापली गेली नाही. त्यापुढे माझ्या प्रत्येक मॉडेलमध्ये पहिली गोष्ट म्हणजे उचलण्याच्या दिशेचा बाण, वस्तू त्याच्यानंतर. आणि कसलाही बदल केला, अगदी अर्ध्या अंशाचा, तरी रंग पुन्हा तपासून त्याचे चित्र ड्रॉइंगला जोडतो. माझ्या हाताखालची मुले याला माझा सोवळेपणा म्हणतात. म्हणोत.

मिस्त्रीकाका आता नाहीत. त्यांचा नातू आपल्या मंडपाची कमान दरवर्षी करतो, आत येताना तुम्ही तिच्याखालूनच आलात. त्या दिवशी केबिनमधून निघून मी थेट त्यांच्याकडे गेलो होतो. ते करवतीने कापलेली भिंत घासून सरळ करत बसले होते. मी चूक कबूल केली, काय काय बोललो ते आता आठवत नाही, पण बराच वेळ बोललो असेन. त्यांनी ऐकून घेतले. मग म्हणाले, आता ही भिंत सुटी करून बोल्टने लावायची ना, म्हणजे आधी भिंत काढायची आणि मग तुकडा उचलायचा? मी म्हटले, हो, आठ बोल्ट देतो.

त्यांनी भिंतीवर वीत टाकून मोजले. "छ चालशे," म्हणाले.