चिखलदरा कोणाचा?

 

आपल्या विदर्भात थंड हवेचं एकच गाव, चिखलदरा. अमरावती जिल्ह्यात, मेळघाटच्या डोंगरात, समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरच्या वर. भीमानं कीचकाला मारून इथल्या दरीत टाकलं, म्हणून कीचकदरा आणि पुढं चिखलदरा, असं जुनी माणसं सांगतात.

पुस्तकात मात्र असं लिहितात की १८२३ साली हैदराबादच्या फौजेतल्या कॅप्टन रॉबिन्सननं चिखलदरा शोधला. आता सांगा, हरवलं होतं का ते गाव? कोरकू लोक त्या डोंगरात पिढ्यान् पिढ्या राहत होते. गवळी गुरं चारत होते. शेजारच्या किल्ल्याचं नावच गाविलगड, गवळ्यांवरून पडलेलं. तो किल्ला १५ डिसेंबर १८०३ ला इंग्रजांनी नागपूरकर भोसल्यांकडून लढून घेतला. म्हणजे साहेब येण्याआधी तिथं वस्ती होती, राज्य होतं.

१८५३ मध्ये निजामानं वऱ्हाडाचा कारभार इंग्रजांकडं दिला. मग उन्हाळा लागला की साहेब लोक वर जायचे. बंगले उठले, कॉफीचे मळे लागले. ती कॉफी अजून तिथं पिकते. त्या वऱ्हाडात आपलं नेरही होतं. खाली उन्हात राबणाऱ्यांच्या शेतसाऱ्यावर कारभार चालायचा आणि वरची गार हवा साहेब घ्यायचे.

म्हणून सहलीचं नाव काढलं की "कापूस वेचणाऱ्या बायांचं तिथं काय काम?" असं कोणी म्हटलं, तर हा हिशोब सांगा. आपला हक्क जुना आहे.

पण हक्कासोबत जबाबदारीही येते. पावसाळ्यात धुक्यात बुडालेल्या त्याच डोंगरावर उन्हाळ्यात बाया पाण्यासाठी पायपीट करतात. पाहुण्यांचा पैसा येतो, तो सगळ्यांच्या घरात पोचत नाही. तेव्हा पोळा झाल्यावर, वेचणी लागायच्या आधी जा. सहलीची वर्गणी वेगळी काढा, बचतीला हात लावू नका. खवा घ्यायचा तर गवळ्याच्या घरून घ्या. जेवण तिथल्या महिला गटाला सांगता येतं का, ते आधी विचारा. प्लास्टिक परत घेऊन या; ते वाघाचं जंगल आहे, १९७४ पासून राखलेलं.

आणि तिथल्या कोरकू बाईजवळ बसून तिच्या गावाची गोष्ट तिच्याच तोंडून ऐका. ती पुस्तकात अजून पुरती आलेली नाही.